साठवण आणि उजळणी

मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या आणि गेली वीस-बावीस वर्षे तोच विषय शिकवणाऱ्या दोघांनी 'गेमिंग लॅपटॉपची रॅम वाढवावी की डिस्क' या प्रश्नावर लेखणी उचलावी, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही तसे वाटले. परंतु २०२५च्या डिसेंबरात या प्रश्नाने आमच्या घरात असा काही ठिय्या दिला, की त्यापायी आम्हांला आमच्याच विषयातील एक-दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. त्या इतक्या साध्या आहेत, की आजवर आपल्याला कशा सुचल्या नाहीत याची थोडी लाजही वाटते. म्हणून हे निवेदन.

आम्ही उभयता धाटावला राहतो. रोह्याहून कोलाडच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात औद्योगिक वसाहत सुरू होते. रासायनिक कारखाने, पाळ्यांचे भोंगे, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे बदलणारे वास आणि पलीकडे कुंडलिका. २०२१ साली वर्ग पडद्यावर भरत होते तेव्हा घरात एक बऱ्यापैकी लॅपटॉप हवा, असे ठरले. चिरंजीव त्या वेळी दहावीत होते. कोणता घ्यावा हे त्यांनीच सांगितले आणि आम्ही पैसे मोजले. आणलेले यंत्र 'गेमिंग' जातीचे आहे, हे आम्हांला त्याच्या लाल उजेडाच्या कळफलकावरून पुढे पुष्कळ दिवसांनी कळले. आठ जीबी रॅम आणि पाचशे बारा जीबीची एसएसडी, असा त्याचा ऐवज. चार वर्षे त्याने आमची व्याख्याने, पाठ्यपुस्तकांची स्कॅन केलेली पाने, प्रश्नपत्रिका आणि चिरंजीवांची महायुद्धे असा सगळा भार एकट्याने वाहिला.

चिरंजीव आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. परीक्षा आटोपून डिसेंबरात घरी आले ते दोन बातम्या घेऊन. एक, अभ्यासासाठी हा लॅपटॉप जानेवारीत वसतिगृहावर न्यावा लागणार. दोन, तो आता अडखळतो; त्याची मेमरीही वाढवायला हवी आणि स्टोरेजही. आमच्या अंदाजपत्रकात त्यासाठी दहा हजार रुपये निघत होते. दोन्ही गोष्टी मनासारख्या घेण्यास ते पुरेसे नव्हते.

आमची पहिली अडचण भाषेची. 'मेमरी' आणि 'स्टोरेज' हे दोन निराळे पदार्थ आहेत, हेच आम्हांला ठाऊक नव्हते. मोबाइलच्या दुकानात 'मेमरी फुल झाली' असे म्हणतात तेव्हा छायाचित्रांनी जागा भरली, असा त्याचा अर्थ असतो. म्हणजे तिथे साठवणीला मेमरी म्हणतात. मग खरी मेमरी कोणती? चिरंजीवांनी आम्हांला ते कुंडलिकेच्या आधाराने समजावले, आणि उपमा-रूपकांचा तास घेणाऱ्या आम्हां दोघांना ती उपमा आवडली. मुळशीचे धरण सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. तिथले पाणी खाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरते, टाटांची जनित्रे फिरवते आणि मग कुंडलिकेत येते. म्हणूनच भर उन्हाळ्यातही कोलाडला सकाळी नदी वाहती असते आणि पर्यटक तिच्यात रबरी होड्या घालतात. मुळशीचा जलाशय म्हणजे स्टोरेज आणि कोलाडला डोळ्यांसमोर वाहणारे पाणी म्हणजे रॅम. काम होते ते वाहत्या पाण्यावर. भिऱ्याची जनित्रे थांबली की इकडे पात्र उतरते. जलाशय मात्र जागच्या जागी राहतो. त्याचप्रमाणे लॅपटॉप बंद केला की रॅममधले सारे पुसले जाते आणि एसएसडीवरचे उरते.

म्हणजे ज्या वस्तूला इंग्रजीने 'स्मृती' असे नाव दिले, तिला वीज गेल्याबरोबर काहीच आठवत नाही. हे ऐकून आम्ही हसलो. त्यावर चिरंजीवांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र आमच्या मनातून जाईना. वीज चालू असतानादेखील रॅमला काही धरून ठेवता येत नाही. तिच्यातला एकेक अंक म्हणजे एका सूक्ष्म कोठीतला विद्युतभार असतो आणि तो सारखा गळत असतो. म्हणून प्रत्येक कोठीतला भार दर चौसष्ट मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावा लागतो. म्हणजे सेकंदाला सुमारे पंधरा वेळा. इंग्रजीत या क्रियेला 'रिफ्रेश' म्हणतात. मराठीत तिच्यासाठी शब्द घडवायची गरज नाही. प्रत्येक मराठी मुलाने पाढे म्हणताना ती केलेली आहे. ती उजळणी.

असो. वादाला तोंड फुटले ते जागेवरून. पाचशे बारा जीबीची डिस्क विंडोजमध्ये चारशे शहात्तर दिसते, कारण विकणारा हजाराने मोजतो आणि विंडोज एक हजार चोवीसने. त्या चारशे शहात्तरांपैकी नऊ उरले होते. चिरंजीव पडद्यावर एकेक फोल्डर पाहत होते. मध्येच सहज म्हणाले, "आई, हा 'आजी' नावाचा फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून इथून काढू का? कोणी उघडत तर नाही."

पुढील पाच मिनिटे घरात जे झाले, ते लिहिण्यासारखे नाही. आम्ही दोघेही एकदम बोलत होतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्या फोल्डरमध्ये काय आहे, ते सांगायला हवे. आमच्यापैकी एकीची आई, म्हणजे चिरंजीवांची आजी, चणेऱ्याकडच्या एका गावातली. तिला जात्यावरच्या ओव्या येत. किती येत, हे तिलाही सांगता आले नसते. २००२ साली आम्ही नुकतेच नोकरीला लागलो होतो आणि लोकसाहित्याच्या उत्साहाने भारलेले होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या कामाने आम्हां दोघांवर मोहिनी घातली होती. आपणही घरच्यापुरते हे करावे, म्हणून आम्ही टेपरेकॉर्डर घेतला आणि आईला धाटावला बोलावून घेतले.

ती येऊन बसली, टेप सुरू झाला आणि तिला एकही ओवी आठवेना. अर्धा तास गेला. ती रडवेली झाली; म्हणाली, "जातं नाय तर कसं येल गं?" धाटावच्या दोन खोल्यांत जाते कुठले? शेवटी तिने पाटावर उजवा हात ठेवला आणि तो गोल फिरवू लागली. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला पहिली ओवी आली, आणि मग त्या थांबेनात. त्या टेपमध्ये मागे दुपारच्या पाळीचा भोंगा ऐकू येतो. तोही तिने मध्ये येऊ दिला नाही; हात फिरत राहिला. पुढे दोन वर्षे आम्ही सवडीने तिच्या गावीही गेलो. तिची धाकटी बहीण आणि शेजारच्या दोघी-तिघी मिळून तासातासाच्या तेवीस कॅसेटी भरल्या. आई २०११ साली गेली. २०१८ साली आम्ही त्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या आणि मूळ कॅसेटी ट्रंकेत घालून गावच्या घरी माळ्यावर ठेवल्या. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्या घराची कौले गेली. आम्ही तिथवर पोचलो तोवर ट्रंकेत पाणी होते. म्हणजे आता जे काही होते, ते या लाल दिव्यांच्या लॅपटॉपवर, एका फोल्डरमध्ये. आणि तो लॅपटॉप वसतिगृहावर निघाला होता.

वादळ शमल्यावर चिरंजीव कागद-पेन्सिल घेऊन बसले. आवाजाच्या त्या फाइलींना मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात. तेवीस तास म्हणजे एक हजार तीनशे ऐंशी मिनिटे. म्हणजे चौदा जीबीच्या आसपास. आणि जो नवा खेळ त्यांना हवा होता, तो एकटाच एकशे तीस जीबीचा. आजीच्या सगळ्या ओव्या पुसल्या असत्या, तरी त्या खेळाचा नववा हिस्सासुद्धा मावला नसता! आम्ही इतके भांडलो ते ज्या जागेसाठी, ती जागा तिथे नव्हतीच.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला; तो रागाने नव्हता, म्हणूनच लागला. "यात कोणती ओवी कुठल्या फाइलमध्ये आहे?" फाइलींची नावे 'कॅसेट १' ते 'कॅसेट २३' अशी होती. आम्हांला सांगता येईना. सूची केलेली नव्हती. करायची होती, सात वर्षे करायची होती. खरे सांगायचे तर २०१८नंतर आम्ही तो फोल्डर उघडलाच नव्हता. ती सुरक्षित आहे या भरवशावर आम्ही आईला विसरायला मोकळे झालो होतो. वर्गात आम्ही दरवर्षी तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्याची कथा सांगतो. गाथा लोकांच्या तोंडी होती म्हणून तरली, ही परंपरेची श्रद्धाही सांगतो. आमच्या घरच्या गाथेचे नेमके उलटे झाले होते. वही कोरडी होती. तोंडे मिटलेली होती.

यानंतरची निवड आम्ही तिघांनी मिळून केली. असा प्रसंग वाचकांपैकी अनेकांवर येईल, म्हणून ती पद्धत थोडक्यात देतो. यंत्र अडखळत असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावे. रॅम काठोकाठ भरली असेल आणि त्याच वेळी डिस्कही धापा टाकत असेल, तर उणीव रॅमची आहे; कारण रॅममध्ये न मावलेले सामान विंडोज डिस्कवर ठेवते-उचलते आणि त्यात वेळ जातो. खेळ उघडायलाच वेळ लागतो पण मग सुरळीत चालतो, असे असेल तर दोष डिस्कचा. दोहोंत सवड असूनही चित्र अडत असेल, तर ते ग्राफिक्सच्या चिपचे काम; लॅपटॉपमध्ये ती सहसा बदलता येत नाही, तेव्हा पैसे वाचवावेत. आमची रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली दिसली. निदान पक्के झाले.

दुसरी पायरी, खरेदीपूर्वी यंत्राच्या पोटात काय मावते ते पाहणे. काही लॅपटॉपांत रॅम मूळ पाटीलाच डाख देऊन बसवलेली असते. तिथे वाढीला वाव नाही. आमच्यात दोन खाचा होत्या आणि एकीत आठ जीबीची पट्टी. दुसऱ्या खाचेत तशीच आठ जीबीची घातली, की एकूण सोळा तर होतातच, शिवाय दोन्ही पट्ट्या जोडीने काम करतात आणि वाहतूक दुपदरी होते. मात्र पट्टी त्याच पिढीची हवी. डीडीआर ४च्या खाचेत डीडीआर ५ बसत नाही. तिची खोबण निराळ्या जागी असते. डिस्कचेही तसेच. पूर्वीची फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचायची. साटा जातीची एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. एनव्हीएमई जातीची तिसऱ्या पिढीत साडेतीन हजार आणि चौथीत सात हजारांपर्यंत. आकडे मोहक आहेत. पण यंत्राची खाच तिसऱ्या पिढीची असेल, तर चौथीची डिस्कही तिसरीच्याच वेगाने धावते, आणि खेळ उघडण्याच्या वेळेत त्या दोहोंतला फरक बहुधा थोड्या सेकंदांचाच असतो. तिथे वेगापेक्षा जागेला पैसे मोजावेत.

तिसरी गोष्ट बाजाराची. जूनमध्ये चौकशी केली, तेव्हा जी पट्टी दोन हजारांच्या आत मिळत होती, ती डिसेंबरात दुपटीहून महाग झाली होती. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड संगणकगृहे उभी राहत आहेत, त्यांना मेमरीची भूक अफाट आहे. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि त्यांनी आपली शक्ती तिकडे वळवली. परिणामी २०२५च्या उत्तरार्धात साध्या लॅपटॉपच्या पट्टीचा भाव चढला, एसएसडीचाही त्यापाठोपाठ. जगाची नवी स्मृती घडवण्याचा खर्च धाटावच्या एका घराला असा भरावा लागला.

पहाटेच्या रोहा-दिवा गाडीने आम्ही तिघे मुंबईला गेलो. लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, हे आम्ही चिरंजीवांना सांगितले. तिथे काय मागायचे, हे त्यांनी आम्हांला सांगितले. दहा हजारांत दोन जोड्या बसत होत्या. आठ जीबीची पट्टी आणि एक लहान एसएसडी. किंवा तीच पट्टी आणि एक टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. पहिलीत नवा खेळ मावला असता. दुसरीत नाही. आम्ही काही बोललो नाही. चिरंजीव काउंटरपाशी थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बाहेरचीच घ्या. एसएसडी जाते तेव्हा पूर्वसूचना देत नाही. आणि वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिली, तर तिच्यातलाही भार गळतो. आजीसाठी ती चालणार नाही." परतीच्या गाडीत त्यांनी फोनवर एक यादी केली: कोणते दोन जुने खेळ काढायचे. त्यांनी सोडले ते स्वखुशीने सोडले असे आम्ही म्हणणार नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाला त्यातले काय आवडते आणि ते सोडताना काय वाटते, हे आम्ही त्यांना कधी विचारलेही नव्हते. परतीच्या प्रवासात ते प्रथमच विचारले. त्यांनी बरेच सांगितले.

पट्टी आम्ही घरीच बसवली. आधी लोखंडी कपाटाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. मागचे स्क्रू काढून झाकण उचकटले. सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवली. मग पट्टी तिरकी खाचेत सारून वरून दाबली. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक असा आवाज आला. झाकण लावून कळ दाबली, तर पडदा काळा. अर्धे मिनिट गेले. कोणी कोणाकडे पाहिले नाही. मग चिन्ह उमटले. नवी पट्टी पहिल्यांदा ओळखून घ्यायला यंत्राला वेळ लागतो म्हणे, माणसांनाही लागतो.

ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत: एक लॅपटॉपमध्ये, एक धाटावच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर आणि एक इंटरनेटवरच्या साठवणीत. तीन प्रती, दोन निराळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर, असा या विद्येचा संकेत आहे. साठवणीचे काम झाले.

उजळणीचे बाकी आहे. जानेवारीपासून दर रविवारी एक कॅसेट ऐकायची आणि सूची करायची, असे आम्ही ठरवले. चिरंजीव वसतिगृहावरून आपली प्रत ऐकतात आणि न कळलेले शब्द विचारतात. पहिला धडा लवकरच मिळाला. 'कॅसेट १४' उघडली, तर आत नुसती खरखर. कोकणातल्या पावसाळ्यांनी त्या फितीला बुरशी आणली असणार, आणि २०१८ साली आम्ही ती न ऐकताच उतरवून घेतली. सात वर्षे आम्ही ती खरखर जिवापाड जपली. यंत्राने तिचा एक कणही गाळला नाही. त्या कॅसेटमध्ये सीतेच्या वनवासाच्या ओव्या होत्या, एवढे आम्हांला आठवते, कारण त्या इतर कुठल्याच कॅसेटमध्ये सापडत नाहीत.

आम्ही गावी मावशीला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. म्हणाली, "आता कुठलं आठवायला." आम्ही म्हटले, "मावशी, हात फिरवून बघ." पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग बांगड्यांचा आवाज येऊ लागला, एका लयीत. त्या दिवशी तिला अकरा ओव्या आठवल्या. आम्ही त्या ध्वनिमुद्रित केल्या; पण यावेळी तेवढ्यावर थांबलो नाही. अकराही पाठ केल्या. आमच्यापैकी एकीचा आवाज बरा आहे, एकाचा नाही; दोघेही म्हणतो. पुढच्या रविवारी मावशीला पुन्हा फोन करायचा आहे.